बॅटरी गनला असते, डोकं तुम्हाला

"सर, मशीनमध्येच प्रॉब्लेम आहे." हे वाक्य या वर्गात पुन्हा ऐकायचं नाही. मशीनमध्ये काहीही प्रॉब्लेम नाही. मी ते काल रात्री तपासलं. गनची बॅटरी चार्ज केली, रिकाम्या डब्यात सीलंटचा माल सोडून पाहिला. ट्रिगर जेवढा दाबला तेवढाच माल आला, बोट उचलताच थांबला. नाचता येईना अंगण वाकडं, एवढाच काय तो प्रॉब्लेम.

काल तुम्ही ज्या खिडक्यांचे सांधे भरलेत, त्या सोसायटीच्या पश्चिमेच्या भिंतीवर पाइपने पाणी मारलं तेव्हा तुम्ही सगळे खाली हाताची घडी घालून उभे होतात. आधी खालचा सांधा, मग वरचा, असं एकेक करत पाणी मारलं. आधी वर मारलं असतं तर ओघळ सगळ्या खिडक्यांवरून खाली आला असता आणि कोण चोर, कोण साव ते कळलं नसतं. निकाल तुमच्या डोळ्यांदेखत लागला. एक खिडकी सोडली तर प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी आत आलं. आणि तुमच्यातला एक शहाणा एका घरातल्या आजींना सांगत होता, "आजी, कंपनीचं मशीन खराब निघालं." आजींनी काही म्हटलं नाही, मुकाट्याने फडकं आणलं. तुमच्या कामाचं पाणी त्यांनी पुसलं. लाज वाटायला एवढं पुरे आहे.

आता जी एक खिडकी गळली नाही तिच्याकडे या. ती कुणी केली? ही पुढे बसलेली. तिच्या वाट्याला बॅटरीवाली गन आली नाही, म्हणून तिने साध्या हातगनने काम केलं. लगेच असा निष्कर्ष काढू नका की हातगन चांगली आणि मशीन वाईट. तिचा सांधा टिकला कारण तिने तो घासला, पुसला, आत फोमचा बॅकर रॉड बसवला आणि मग माल भरला. हातात जड, दांडगं यंत्र आलं म्हणून बाकीच्यांनी यातलं बहुतेक सोडून दिलं. यंत्राने तुमच्या बोटांचा जोर वाचवला आणि त्याच्यासोबत तुम्ही अक्कलही बॅगेत ठेवून आलात. कानउघाडणी याच गोष्टीची आहे.

आधी यंत्र काय करतं ते नीट समजून घ्या. हातगनला एक गुणोत्तर असतं. स्वस्तातली गन सात पट जोर देते, चांगली बारा, अठरा, सव्वीस पट. गुणोत्तर जेवढं मोठं तेवढा दांडा दर दाबाला कमी सरकतो. जोर मिळतो, पण वेग जातो. अ‍ॅक्रिलिकसारखा मऊ माल सात पटीच्या गननेही निघतो. पण पॉलियुरेथेन, पॉलिसल्फाइड, हायब्रिड असले घट्ट माल, तेही सहाशे मिलीच्या सॉसेजमधले, म्हणजे फॉइलच्या लांबट पिशवीतले, दिवसभर हाताने काढायचे म्हटलं तर दुपारपर्यंत मनगट दुखायला लागतं. दाबताना हात थांबतो, पुन्हा दाबतो आणि प्रत्येक दाबाची पायरी मालात उमटते. अठरा व्होल्टची चांगली गन पाच हजार न्यूटनपर्यंत जोर लावते, म्हणजे पाचशे किलो वजनाइतका. तो जोर अखंड असतो, थकत नाही, मधे पायरी पडू देत नाही. अवघड, लांबलचक, घट्ट मालाच्या कामाला हे यंत्र हवंच. म्हणून तर ते इथे आणलं. मशीनला नावं ठेवायला मी उभा नाही.

पण हातगन एक काम गुपचूप करत होती, ते यंत्र करत नाही. हातगन तुम्हाला सांगत होती. नोझलमध्ये माल सुकून गाठ झाली की मूठ आवळेना. आत हवेचा बुडबुडा असला की मूठ एकदम सैल पडायची. माल थंड आणि घट्ट असला तर पहिल्या दाबातच कळायचं. ट्यूब संपत आली की हाताला आधीच जाणवायचं. यंत्राने हा सगळा निरोप बंद केला. मोटर गाठीवरही त्याच सुरात गुरगुरते आणि बुडबुड्यावरही. नोझल तुंबलं असताना जोर वाढत जातो, मग माल पुढून निघण्याऐवजी ट्यूबच्या मागून, पिस्टनच्या कडेने बाहेर येतो आणि गनच्या पोटात भरतो. काल दोघांच्या गनमध्ये हेच झालं. बहुतेक गनमध्ये जास्त भार आला की मोटर थांबवायची सोय असते, पण ती मोटर वाचवण्यासाठी. तुमचा सांधा वाचवण्यासाठी तिथे कुणी बसलेलं नाही. जो निरोप पूर्वी हाताला मिळायचा तो आता डोळ्यांनी आणि कानांनी घ्यायचा. नजर नोझलच्या टोकावर ठेवायची, गप्पा मारणाऱ्या मित्राकडे नाही.

दुसरा गुन्हा वेगाचा. वहीत लिहा, कारण तोंडी सांगितलेलं तुम्ही ऐकत नाही हे काल दिसलं. सांध्याची रुंदी बारा मिलिमीटर, मालाची खोली सहा. छेद झाला बहात्तर चौरस मिलिमीटर. तुम्ही नोझल सेकंदाला सहा सेंटिमीटर सरकवता असं धरा, नवशिक्याला एवढा वेग पुष्कळ आहे. म्हणजे सेकंदाला साधारण ४.३ मिली माल हवा. ट्यूबच्या आतला व्यास पन्नास मिलिमीटरच्या आत-बाहेर, त्यामुळे पिस्टन सेकंदाला अडीच मिलिमीटर सरकला की झालं. या यंत्राचा पूर्ण वेग किती? सेकंदाला पंचवीस मिलिमीटरच्या वर. म्हणजे गरजेच्या दहा पट. डायल पूर्ण फिरवून ट्रिगर गच्च दाबला तर सहाशे मिलीचं सॉसेज पंधरा सेकंदांच्या आत रिकामं होतं. पण त्याच सॉसेजमध्ये या मापाचा आठ मीटरपेक्षा थोडा जास्त सांधा भरायला हवा होता. काल तुमचा किती भरला? चार मीटरही नाही. बाकीचा माल खिडकीच्या चौकटीवर, कठड्यावर आणि एकाच्या बुटावर होता.

डायल कशासाठी दिला आहे? आधी सर्वात खालच्या आकड्यावर ठेवा. टाकाऊ पुठ्ठ्यावर हातभर रेघ ओढा. नोझल तुमच्या चालीने सरकतंय आणि माल सांध्याच्या दोन्ही कडांना भिडतोय, असा आकडा सापडेपर्यंत थांबा. आकडा सापडला की त्यावर पेन्सिलने खूण करा आणि दिवसभर तोच ठेवा. माल बदलला, ऊन वाढलं की पुन्हा पुठ्ठा. यात पाच मिनिटं जातात, पण पुढचे पाच तास वाचतात.

नोझल कापायचंही तुम्हाला कळत नाही. सगळ्यांनी बुडापासून कापलं, का तर "माल लवकर येतो". नोझलचं तोंड सांध्याच्या रुंदीपेक्षा थोडं लहान आणि तिरकं कापायचं, म्हणजे टोक सांध्याच्या आत जातं. माल तळापासून वर भरत यायला हवा, नोझलच्या पुढे ढकलला जायला हवा. तुम्ही काय केलंत? नोझल बाहेर धरून केकवर क्रीम काढतात तशी सांध्यावर रेघ ओढलीत. वरून गुळगुळीत, खाली पोकळी. त्या पोकळीतूनच पाणी आत गेलं.

आता त्या पोकळीच्या मागे जे नव्हतं त्याकडे येऊ. बॅकर रॉड कुठे होते? मी बॉक्स फोडून दिला होता. संध्याकाळी तो जवळपास तसाच परत आला. सांधा बारा मिलिमीटरचा असेल तर रॉड पंधराचा घ्यायचा, म्हणजे तो दाबून बसतो आणि मागे सरकत नाही. रॉड मालाची खोली ठरवतो. खोली रुंदीच्या निम्मी, पण सहापेक्षा कमी नाही आणि साधारण बारापेक्षा जास्त नाही. रॉड नसेल तर माल तळाशी असलेल्या काँक्रीटलाही चिकटतो. दोन्ही बाजू हलतात, तळ हलत नाही, तिन्हीकडून जखडलेला माल ताणला गेला की मधोमध फाटतो. रॉड बसवायला जागा नसेल अशा उथळ सांध्यात तळाला बॉन्ड ब्रेकर टेप लावायची, म्हणजे माल फक्त दोन बाजूंना धरून राहतो. आणि बाकीच्यांपैकी ज्या एकाने रॉड बसवला त्याने तो टोकदार स्क्रू ड्रायव्हरने ढकलला. बंद पेशींच्या रॉडला भोक पडलं की आतली हवा बाहेर येते आणि ओल्या मालात फुगे धरते. रॉड बोथट लाकडी पट्टीने बसवायचा. हे मी तीन वेळा दाखवलं होतं.

सांधा हलतो म्हणजे काय, हे तुम्हाला अजून पटलेलं दिसत नाही. तीन मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनिअमची चौकट पहाटे वीस अंशांवर असते आणि दुपारी पश्चिमेच्या उन्हात साठ अंशांवर जाते. चाळीस अंशांच्या फरकात ती २.८ मिलिमीटरने वाढते. काँक्रीट तेवढ्याच लांबीत याच्या निम्म्याहून कमी वाढतं. हा फरक भरून काढायचा तो तुमच्या मालाने. आयएसओ ११६०० प्रमाणे २५ वर्गाचा सीलंट रुंदीच्या पंचवीस टक्के हालचाल सोसतो. बारा मिलिमीटरच्या सांध्यात ते तीन मिलिमीटर होतात, म्हणजे काम भागतं. पण तुम्ही पाच-सहा मिलिमीटरच्या फटीत माल कोंबलात. तिथे दीड मिलिमीटरही धड सोसला जाणार नाही. आपल्याकडे इमारतींमधल्या सांध्यांसाठी आयएस ३४१४ १९६८ सालापासून आहे आणि दोन भागांच्या पॉलिसल्फाइड सीलंटसाठी आयएस १२११८ १९८७ पासून. तुम्ही जन्मायच्या आधी लोकांनी विचार करून लिहून ठेवलंय. वाचायला बॅटरी लागत नाही.

पुसण्याबद्दल तर बोलायलाच नको. घासल्यावर काँक्रीटची पूड सांध्यात तशीच होती. माल पुडीला चिकटला, भिंतीला नाही. आधी ब्रश, मग हवा, मग दोन फडक्यांची पद्धत. एक फडकं सॉल्व्हंट लावून पुसायचं आणि ओलावा उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या, पांढऱ्या फडक्याने उचलून घ्यायचं. एकच फडकं घासत राहिलात तर मळ फक्त पसरतो. आणि कोणता सॉल्व्हंट हे ट्यूबवर वाचा. सिलिकॉनसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पॉलियुरेथेनच्या ओल्या मालाला अल्कोहोल लागलं तर तो नीट सुकतच नाही. जिथे पाण्याचा ओलसरपणा होता तिथे पॉलियुरेथेनमध्ये बारीक फुगे आलेत, ते का? त्यातल्या आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. तो बाहेर पडायला वाट शोधतो आणि तुमच्या मालाला भोकं पाडतो. रसायनशास्त्र कंटाळवाणं वाटलं होतं ना शाळेत? ते असं भिंतीवर येतं.

माल निवडण्यातही तुम्ही माती खाल्लीत. संगमरवरी उंबऱ्याला कुणी तो व्हिनेगरच्या वासाचा सिलिकॉन लावला? तो सुकताना असेटिक आम्ल सोडतो. संगमरवर आणि काँक्रीट दोन्ही चुन्याच्या जातीचे. आम्ल पृष्ठभाग खातं आणि पकड सुटते. तिथे न्यूट्रल सिलिकॉन. काचेला पॉलियुरेथेन नको, सिलिकॉनच हवा, कारण काचेतून आरपार येणारं ऊन पॉलियुरेथेनची पकड कमजोर करतं. आणि जिथे जुना सिलिकॉन होता तिथे वरून दुसरा माल फासणाऱ्यांनी हे लिहून ठेवा की जुन्या सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय जवळपास काहीच धरत नाही. आधी खरवडायचं, मग घासायचं, मग पुसायचं. गनमध्ये पाचशे किलोचा जोर असला तरी तो मळावर पकड आणू शकत नाही.

वेळही तुम्ही चुकीची निवडलीत. भर दुपारी दीड वाजता पश्चिमेच्या भिंतीवर काम केलंत. ऊन तापायला लागलं की अ‍ॅल्युमिनिअम फुगतं आणि सांधा अरुंद होतो. त्यात भरलेला माल रात्री सांधा उघडला की ताणला जातो, तोही अजून कच्चा असताना. सावलीमागे काम करायचं. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. पहाटेच्या दवाने भिंत ओली असेल तर ती सुकेपर्यंत थांबायचं.

शेवटचा हात फिरवणं म्हणजे शोभा नाही. पट्टीने माल दाबून आत बसवायचा, दोन्ही कडांना भिडवायचा, पृष्ठभाग किंचित आत वाकलेला ठेवायचा. त्यावर साल धरायच्या आत हे झालं पाहिजे. मेच्या उन्हात ती वेळ दहा-पंधरा मिनिटांचीही असू शकते. म्हणून दोन खिडक्या भरून मग फिनिशिंग असं करायचं नाही. भरा, लगेच दाबा, लगेच मास्किंग टेप ओढा. साल धरल्यावर टेप ओढली तर कडाही टेपसोबत येते. साबणाचं पाणी लावलेलं बोट फिरवायची सवय इथे चालणार नाही. साबण कडेत शिरला की पकड गेली.

गनच्या देखभालीबद्दल थोडक्यात. सॉसेजचं एक टोक कापून कापलेली बाजू नोझलकडे ठेवायची. पिस्टन झिजला असेल तर रिकामी पिशवी मागे सरकते आणि माल गनच्या आत सांडतो, म्हणून पिस्टन रोज बघायचा. काम संपलं की माल ओला असतानाच गन पुसायची. सुकलेलं पॉलियुरेथेन कुठल्याच सॉल्व्हंटने निघत नाही, ते खरवडावंच लागतं. बॅटरी उन्हात चार्जला लावायची नाही. भिंतीबाहेर टांगलेल्या झुल्यावर चढताना गनला दोरी बांधायची. सॉसेज भरलेली गन तीन किलोच्या आसपास असते आणि खाली माणसं चालतात. हातमोजे घाला. हाताला माल लागला तर कापसाने पुसा, सॉल्व्हंट चोळू नका. यावर मी वेगळं भाषण देणार नाही. ज्याच्या गनला उद्या दोरी नसेल तो झुल्यावर चढणार नाही.

"पण सर, बाहेरून किती छान दिसत होतं!" हो, दिसत होतं. म्हणूनच राग जास्त आहे. वाकडंतिकडं दिसलं असतं तर तिथेच कळलं असतं. यंत्राची रेघ सरळ येते, चमकते आणि आतली पोकळी लपवते. हाताने केलेलं वाईट काम वाईट दिसतं. यंत्राने केलेलं वाईट काम चांगलं दिसतं. म्हणून यंत्र हातात असताना जास्त काटेकोर राहायचं, कमी नाही.

आणि हे फक्त खिडक्यांचं नाही. मृग लागायला महिना राहिला. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वारा नैर्ऋत्येकडून येतो. तो थेट याच पश्चिमेच्या भिंतीवर आदळतो. ताशी पन्नास किलोमीटरचा वारा भिंतीवर जो दाब देतो तो पाण्याला साधारण बारा मिलिमीटर उंच ढकलायला पुरेसा आहे. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी पाणी वर चढून आत येतं. मग प्लास्टर फुगतं, स्विचबोर्डच्या मागे ओल येते, आतल्या लोखंडाला गंज धरतो आणि काँक्रीट सुटायला लागतं. त्याची दुरुस्ती सोसायटीच्या वर्गणीतून होते. तुम्ही पंधरा सेकंदांत संपवलेलं सॉसेज पंधरा घरांना महागात पडतं.

उद्याचं काम ऐका. सकाळी साडेसहाला सगळे गेटवर. ज्या खिडक्या गळल्या त्यांचा सगळा माल ब्लेडने काढायचा, वरवरचा नाही, बाजूंपासून. काल ज्याने जी खिडकी भरली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही. काढलेला माल एका पोत्यात. पोतं मी बघणार. सांध्याची रुंदी तीन ठिकाणी मोजून वहीत लिहायची. सांधा बारापेक्षा अरुंद असेल तर ग्राइंडरने रुंद करायचा, पण आधी मला विचारून. ज्याच्या हातात ग्राइंडर त्याच्या डोळ्यावर चष्मा. मग रॉड. मग पुसणं. सकाळी पश्चिमेची भिंत अकरापर्यंत, त्यानंतर तिथे कुणी गन उचलायची नाही.

आणि तू, हातगनवाली, उद्या तू डायलचा आकडा ठरवायचा. बाकीच्यांनी तिला विचारून काम करायचं. मान खाली घालण्याची गरज नाही, शिकण्याची आहे.

माल दिवसाला दोन ते तीन मिलिमीटर सुकतो, म्हणून चार दिवस कुणी त्याला हात लावायचा नाही. तीन आठवड्यांनी, पावसाच्या आधी, मी प्रत्येक खिडकीजवळ जाऊन सांध्याच्या एका बाजूने चीर देणार आणि मालाची पट्टी हाताने ओढणार. पट्टी ताणली आणि मधोमध तुटली, पण भिंतीवरून सुटली नाही, तर पास. भिंतीवरून सोललेल्या सालीसारखी निघाली, तर ती खिडकी भरणाऱ्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे अडकलं. तो पाऊस संपेपर्यंत सांधे खरवडायला येईल आणि पुढच्या वर्षी पुन्हा याच बाकावर बसेल.

शंका असतील तर आत्ता विचारा. उद्या झुल्यावर चढल्यावर विचारलेला प्रश्न मला चालणार नाही.